निगरगट्टांची नेमणूक

नाशिकच्या इंदिरानगरातील ज्या घरात मुलांच्या हट्टापायी मत्स्यपेटी येते, त्या घरात लवकरच तिचा संपूर्ण कारभार कुटुंबातील सर्वांत निरुद्योगी पुरुषाकडे वर्ग होतो, हा नियम आमच्या सदनिकेतही बिनबोभाट अमलात आला. आणि पेटीत प्लास्टिकच्या झुडपांऐवजी जिवंत वनस्पती असाव्यात, असा प्रस्ताव मी मांडताच "प्लास्टिकची निदान घासता तरी येतात," असा शेरा सौभाग्यवतींनी त्यावर मारला. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया वनस्पती अन्न म्हणून शोषून घेतात, ही बाब नजरेस आणून दिल्यावर मंजुरी मिळाली. अट एकच, वनस्पती बिनतक्रार जगणारी हवी.

असा उमेदवार निवडताना रूप पाहू नये, निगरगट्टपणा पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रिप्टोकोरिनचेच पाहा. पाने मोठी डौलदार, परंतु जागा बदलली की बदलीचा हुकूम हाती पडताच आजारपणाची रजा टाकणाऱ्या कारकुनाप्रमाणे ती सर्व पाने विरघळवून मोकळी होते. मुळे मात्र शाबूत असतात, व रुसवा ओसरला की पुन्हा कोंब फुटतात. साताऱ्याच्या कास पठारावरील वायतुरा तर याहून मानी व दुर्मीळ, त्याला त्याच्या डबक्यातच सुखाने नांदू द्यावे.

पश्चिम आफ्रिकेतून आलेली अनुबियास आणि तिच्याच वृत्तीचा जावा फर्न यांची गोष्ट निराळी. मंद उजेड चालतो, खताची मागणी नाही, वाढ इतकी संथ की नवे पान आले हे आधी मुलांनाच कळते. मात्र त्यांचे आडवे खोड वाळूत पुरले की ते कुजते, म्हणून ते दगडाला बांधावे लागते. शिवणाच्या डब्यातील काळा दोरा घेऊन मी हा विधी करीत असता शेजारचे निवृत्त मामलेदार येऊन उभे राहिले, बराच वेळ निरखीत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "दृष्ट लागते का हो हिला?"

व्हॅलिस्नेरियाचा संसार तर पाहण्यासारखा आहे. तिची नरफुले देठापासून सुटून पाण्यावर तरंगत निघतात, मादीफूल लांब देठावरून पृष्ठभागी येऊन त्यांची वाट पाहते, आणि कार्यभाग उरकताच देठाचे वेटोळे करून फळासह खाली जाते. आमच्या पेटीत हा सोहळा घडत नाही; तिथे ती वाळूखालून धुमारे सोडून, कोणताही दस्तऐवज न करता, शेजारची जमीन बळकावीत असते.

आणि निगरगट्टांचा मेरुमणी म्हणजे हायड्रिला! शाळेच्या प्रयोगशाळेत उलट्या नरसाळ्याखाली बुडबुडे सोडणारा तो हाच; जगदीशचंद्र बोस यांनी प्रकाशसंश्लेषणावरील आपले प्रयोग याच्यावरच केले, त्यांचा ग्रंथ 1924 साली निघाला. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी दिवसभर ठेवावे आणि दिवा रोज सहा ते आठ तास लावावा, एवढ्यावर तो माजतो. दिवा अधिक वेळ ठेवला तर शेवाळही माजते. मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून 1950च्या दशकात हा फ्लोरिडात दाखल झाला आणि तेथील जलाशय त्याने असे व्यापले, की अमेरिकन सरकारने अखेर त्याला उपद्रवी तणांच्या यादीत घातले. आपल्याकडच्या पाणवेलीही दक्षिण अमेरिकेतून फुलांच्या कौतुकाने जगभर नेल्या गेल्या होत्या, हे गोदाकाठच्या नाशिककरांना निराळे सांगावयास नको.

छाटलेला हायड्रिला पूर्वी मी बरणीत घालून शेजारीपाजारी भेट म्हणून देत असे. हल्ली बरणी घेऊन जिन्यात दिसलो की दारे पटापट लागतात, मामलेदारांचे सर्वांत आधी. म्हणून तो वाळवून गच्चीवरील कुंड्यांत घालतो. नंदिनी नदीच्या पात्रात मात्र एक काडीही टाकीत नाही. ती पुढे गोदावरीस मिळते, आणि तेथील पाणवेलींना मदतनीस पुरविणे माझ्या अधिकारकक्षेत येत नाही.