पर्यायभाऊ

पावसाळ्यात ताडोबाच्या जंगलाचा कोअर भाग बंद झाला की मोहर्लीतले गाईड मोकळे होतात आणि पर्यायभाऊ कामाला लागतात. एरवी ते एका होमस्टेचा हिशेब बघतात. खरं नाव वेगळं; पण 'पुढं काय व्हावं?' असं विचारल्याशिवाय त्यांना साधी गोष्ट सांगवत नाही. चहालाही तीन पर्याय : साखर हवी, नको, घरी विचारून सांगतो.

जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वरून २०१२ मध्ये यूट्यूबवर शंभर भागांची 'लिझी बेनेट डायरीज' ही मालिका आली. पात्रं ट्विटरवर लोकांशी बोलायची. मालिकेला एमी पारितोषिकसुद्धा मिळालं. भाऊंनी हे वाचलं मात्र, इरई धरणाच्या काठी तीच गोष्ट मतदान घेत सांगायला व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. नायिका एलिझाबेथ झाली गाईड. नायक डार्सी म्हणजे नागपूरहून आलेला, हातभर लेन्सवाला, गाईडला नमस्कार न करणारा पाहुणा. इथवर झकास.

घोळ मतदानानं घातला. मूळ कथेत आई एलिझाबेथच्या बहिणीला, जेनला, पावसाच्या तोंडावर घोड्यावरून धाडते. ती भिजते, परक्या घरी आजारी पडते, आणि तिला बघायला एलिझाबेथ चिखल तुडवत जाते. भाऊंनी विचारलं, जेननं जावं का? ग्रुप खवळला : 'पाणी येऊन राहिलं, कायले पाठवता पोट्टीले?' जेन घरी, कोरडी. ना ताप, ना चिखल, ना डार्सीची नजर. आमची माणसं भली. परक्याच्या पोरीचं वाईट त्यांच्यानं बघवत नाही. प्रेमकथेला असली माणसं परवडत नाहीत.

त्यात एलिझाबेथ आणि डार्सी या दोघांचे मेसेज भाऊच दोन सिमांवरून टाकतात. एलिझाबेथनं डार्सीला सुनावलेलं एकदा डार्सीच्याच नंबरवरून गेलं. एरवी त्या नंबरवर लोक जिप्सीची चौकशी करतात.

मग आलं चौतिसावं प्रकरण, डार्सीची लग्नाची पहिली मागणी. एलिझाबेथ ती झिडकारते म्हणून तर पुढची सत्तावीस प्रकरणं आहेत! ग्रुपनं धडाधड 'हो' दाबलं. 'पोट्टा चांगला आहे, लावून टाका भाऊ.' भाऊंनी मतदान पुसलं, नेटवर्कला शिव्या घातल्या, पुन्हा घेतलं. पुन्हा 'हो'.

तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा ऑक्टोबर लागला होता. गेट उघडलेलं, सगळे पहाटेपासून कोअरमध्ये, तिथं मोबाइलला बंदी. दुपारपर्यंत एकच मत पडलं : 'नाही.' वहिनींचं. भाऊ हर्षानं स्वयंपाकघरात धावले, का म्हणून विचारायला.

''थो गाईडले नमस्कार नाई करत,'' वहिनी म्हणाल्या आणि भाजीवर झाकण ठेवलं.