पागडीवरचे फोटो

लोक भेटले की तब्येतीची चौकशी करतात, नाहीतर पावसाची. जागाकाका जागेची करतात. "काय रे, पंधरातली किती उरली?" असं लिफ्टमध्ये कोणी विचारलं आणि तुम्हाला प्रश्न कळला नाही, तर समजावं की तुमच्या सोसायटीत अजून जागाकाका राहायला आलेले नाहीत.

आमचे डोंबिवलीचे. बालपण गिरगावातल्या चाळीत, नोकरी रेल्वेच्या हिशेब खात्यात, आणि निवृत्तीनंतरचा पूर्णवेळ उद्योग म्हणजे फुकटात फोटो ठेवणे. 'पंधरा' म्हणजे गूगल दर खात्यामागे फुकट देतं ती १५ जीबी जागा. मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांनी ती गुण्यागोविंदाने वापरायची. ती भरली की तुमच्याआमच्यासारखी माणसं कुरकुरत महिना शंभर-सव्वाशे रुपये भरायला लागतात. काका भरत नाहीत. परवडत नाही म्हणून नव्हे. पेन्शन उत्तम आहे.

काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, टाका की भरून एकदाचे! महिन्याला तेवढ्याची कोथिंबीर सडते आपल्याकडे."

"सडलेली कोथिंबीर पुढच्या महिन्यात पुन्हा बिल पाठवत नाही," काका म्हणाले.

या उत्तरामागे गाढा अभ्यास आहे. २०१५ साली गूगलने फोटोंची सेवा सुरू केली, तेव्हा किंचित दाबलेले, म्हणजे १६ मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत, असा मामला होता. १ जून २०२१ पासून तो बंद झाला. पण त्या दर्जात आधी चढवलेले फोटो १५ जीबीत धरले जाणार नाहीत, असंही कंपनीने सांगितलं. काकांना यात गिरगावची पागडी दिसली. जुना भाडेकरू आहे त्या भाड्यात राहणार, नव्याला बाजारभाव. मग काय! तो मे महिना संचारबंदीचा होता. बाहेर जाणं बंद, काका घरात, आणि माळ्यावरून उतरवलेले एकूण एक अल्बम दिवाणावर. जुन्या अल्बमची चिकट पानं फोटो सोडायला तयार होईनात, तेव्हा सुनेचा हेअर ड्रायर मागून घेतला गेला. एक हात ड्रायरवर, दुसऱ्या हातात बोथट सुरी, आणि तोंडाने "सावकाश, सावकाश" असं स्वतःलाच बजावणं. मुंज, डोहाळजेवण, महाबळेश्वरचा घोडा, कोणाच्या तरी लग्नातली अख्खी पंगत, सगळं स्कॅन होऊन ३१ मेच्या आत पागडीवर राहायला गेलं. पंगतीतले निम्मे लोक कोण, हे घरात कोणालाच माहीत नाही. पण आता त्यांना तिथून हलवायचं नाही.

जूननंतरच्या फोटोंसाठी वेगळी तजवीज आहे, आणि माझ्या मते काकांच्या कारकिर्दीचा कळस तोच. २०१६ साली आलेल्या पहिल्या पिक्सेल फोनला गूगलने एक सवलत दिली होती. त्या फोनवरून चढवलेले फोटो मूळ दर्जात, कितीही, फुकट. ही सवलत त्या फोनला आजही आहे. ही बातमी कळल्यावर काकांनी तो फोन जुन्या बाजारातून पैदा केला. काचेला तडा, स्पीकर मुका, सिमकार्ड नाही. फोन म्हणून त्याचा उपयोग शून्य. त्याची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं आहे, म्हणून तो फ्रिजवर एका स्टीलच्या ताटलीत ठेवलेला असतो, चोवीस तास चार्जरला लावून. घरातल्या सगळ्यांचे फोटो वायफायवरून आधी या ताटलीत येतात आणि मग वर जातात. बंगळुरूची लेकसुद्धा माहेरी आली की चपला काढण्याआधी तिचा फोन त्याला जोडला जातो. पाणी नंतर.

बाकीच्या युक्त्या मात्र खरोखर उचलण्यासारख्या आहेत. जीमेलच्या शोधखिडकीत ते 'लार्जर:१०एम' असं रोमन लिपीत टाकतात. दहा एमबीवरच्या सगळ्या मेल समोर येतात आणि जागा कोणी अडवून ठेवली आहे ते कळतं. (सहसा विमा कंपनीने अडवलेली असते.) काढून टाकलेली मेल कचरापेटीत जाते, पण पेटी रिकामी होईपर्यंत जागा सुटत नाही, हे ते दारावर आलेल्या पेपरवाल्यालाही सांगतात. दुसऱ्याने आपल्याला दाखवलेल्या अल्बमची जागा मालकाच्या खात्यात धरली जाते, आपल्या नाही. त्यामुळे कुटुंबातल्या कुठल्याही समारंभाचा अल्बम दुसऱ्या कोणीतरी करावा, असा त्यांचा आग्रह असतो. तो ते मोठेपणा दिल्यासारखा करतात. "यंदा मान तुझा!"

बारशाला बाळाचं नाव कानात सांगून झालं की काकांचा आवाज येतो, "व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका रे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा!" फोटो म्हणून पाठवला की तो दाबून पाठवला जातो, हे बरोबरच आहे. पण पाळण्याची दोरी हातात असलेल्या आत्याला ते त्या क्षणी पटत नाही.

फुकटावर काकांचा विश्वास मात्र काडीचा नाही. तो असता तर मी हे लिहिलंच नसतं, कारण नुसत्या चिकटपणात फारसा राम नाही. फ्लिकरने २०१३ साली प्रत्येकाला एक टेराबाइट फुकट दिली आणि कंपनी स्मगमगच्या हाती गेल्यावर २०१८ साली फुकट्यांना हजार फोटोंची मर्यादा घातली. फोटोबकेटने २०१७ साली, आपल्याकडचं चित्र दुसऱ्या संकेतस्थळावर दाखवायचं तर वर्षाला ३९९ डॉलर काढा म्हटलं, आणि जगभरच्या पानांवर चित्रांच्या जागी पैसे मागणाऱ्या पाट्या झळकल्या. काकांना या तारखा नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्क्या पाठ आहेत. म्हणून ठेवलेल्या प्रत्येक फोटोची एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर असते आणि गूगलच्या 'टेकआउट'मधून सगळं वर्षाकाठी एकदा खाली उतरवलं जातं. सेवा सुरू करताना अटींचं ते लांबलचक पान शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पेन्सिलने खुणा करता याव्यात म्हणून त्यांनी ते छापून आणलं होतं.

दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल बंद करू शकतं. काकांच्या ताब्यात स्वतःचं, काकूंचं, मुलाचं, गणेश मंडळाचं आणि कैलासवासी तीर्थरूपांच्या नावाचं अशी खाती आहेत. तीर्थरूपांनी हयातीत टेलिफोनलाही हात लावला नव्हता. तर दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की बँकेची जुनी डायरी उघडते, आणि झेंडूच्या फुलांसमोर बसून काका एकेका खात्यात शिरून बाहेर येतात. आधी तीर्थरूप, मग बाकीचे.

तुम्ही फोटोंसाठी पैसे भरत असाल तर खुशाल भरा. पण कचरापेटी, घरची प्रत आणि खंडेनवमी एवढं तरी काकांकडून घ्या. आणि कधी डोंबिवलीला आलात, तर ती फुगलेली बॅटरी धोक्याची आहे, तेवढी बदला, असं त्यांना सांगून पाहा. आमचं ते ऐकत नाहीत. नवी बॅटरी फुकट मिळत नाही.