भिजत घोंगडे वाळवण्याची सुलभ पद्धत

साधकाने प्रथम काम निश्चित करावे. नमुन्यादाखल आपण दिवाळी अंकासाठी कबूल केलेला लेख घेऊ. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी लेखक जूनमध्ये लेख कबूल करतो आणि ऑगस्टमध्ये संपादकाचा फोन उचलत नाही. फोन नव्हते तेव्हा दार उघडत नसावा.

पायरी पहिली : टेबल. पसाऱ्यात एकाग्रता होत नाही, म्हणून टेबल आवरावे. टेबल आवरले की खण आवरणे ओघानेच येते. माझ्या खणात मागच्या आठवड्यात कोणत्याही कुलपाला न लागणाऱ्या चार किल्ल्या, भंगारात गेलेल्या मिक्सरचे वॉरंटी कार्ड आणि सात पेनं निघाली. पेन चालते की नाही हे लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि मराठी माणूस कोरे पेन ‘श्री’ लिहूनच तपासतो. लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे मी सात वेळा ‘श्री’ लिहिले. दिवसभरात झालेले लेखन एवढेच, पण सुरुवात शुभ झाली.

मोबाइल तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवावा. कोणी विचारले तर पाण्यात पडला होता म्हणावे. या विषयावर याहून जास्त लिहीत नाही. लिहायला बसलो तर संदर्भासाठी तो बाहेर काढावा लागेल.

पायरी दुसरी : वेळेचे नियोजन. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने विद्यार्थिदशेत, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, अभ्यास होत नाही म्हणून स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे टायमर-घड्याळ पुढ्यात ठेवले. २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती. टोमॅटोला इटालियनमध्ये ‘पोमोदोरो’ म्हणतात, म्हणून पद्धतीचे नावही तेच पडले आणि ती जगभर पसरली. आपल्याकडे मात्र टोमॅटो आणायची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात कुकर आहे.

बायको पिशवी घेऊन दारातून सांगते, ‘‘वरणाचा कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. आणि लक्ष ठेवा, मागच्या वेळी करपलं होतं.’’ हे वाक्य कानावर पडले की माणूस असा काही एकाग्र होतो की ऋषिमुनींनी धडे घ्यावेत. फक्त ही एकाग्रता लेखावर नसते. पहिली शिट्टी होईपर्यंत आपण तिची वाट पाहतो. ती झाली की झाली ती पूर्ण होती की नुसतीच फुसफुसली, यावर विचार करतो. दुसरी झाल्यावर एक वाक्य सुचते, ते लिहायला पेन उचलावे तोच आणखी एक शिट्टी होते, आणि ती आपली की शेजारच्यांची हे कळत नाही.

इथे साधकाने शांत राहावे. खिडकीतून शेजारणीला विचारावे, ‘‘वहिनी, आत्ताची तुमची का?’’ त्या म्हणतात, ‘‘आमच्याकडे बटाटे आहेत, आमच्या चार करायच्यात. तुमच्या किती झाल्या?’’ मग दोन्ही घरांचा मिळून हिशेब मांडावा लागतो. त्या दिवशी एकूण पाच शिट्ट्यांवर आमचे एकमत झाले, वाटणीवर झाले नाही. मी अंदाजाने गॅस बंद केला. डाळ अर्धकच्ची राहिली, पुन्हा कुकर लावावा लागला. एक सबंध सकाळ, टोमॅटोच्या मापाने सहा.

पायरी तिसरी : ही नंतर लिहितो.

पायरी चौथी : व्यत्यय. नवशिके व्यत्ययाला घाबरतात. मुरलेला लेखक त्याला जपतो. कवी कोलरिज १७९७ साली स्वप्नात सुचलेले ‘कुब्ला खान’ उतरवून काढत होता, तेवढ्यात पोर्लॉक गावाहून कोणीतरी कामानिमित्त आला आणि तासभर बसला. तो गेल्यावर उरलेली कविता डोक्यातून पुसली गेली होती. ५४ ओळींवर थांबलेली ती कविता १८१६ साली छापताना कोलरिजने हा खुलासाही सोबत छापला. असा कोणी आलाच नव्हता, अशी शंका अभ्यासक घेतात. मला शंका नाही. तो आमच्याकडे रोज येतो. वरच्या मजल्यावरच्यांचे पार्सल घेऊन येतो, ते घरी नसतात, ओटीपी त्यांच्या फोनवर असतो आणि त्यांना लावायचा माझा फोन तांदळात असतो.

व्यत्यय अगदीच नको असेल तर डेमॉस्थेनिसचा मार्ग आहे. हा ग्रीक वक्ता तळघरात बसून भाषणाचा सराव करी आणि बाहेर जायचा मोह होऊ नये म्हणून अर्धे डोके भादरून घेई, असे प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. अशा अवतारात दोन-दोन, तीन-तीन महिने तो तळघरातच राही. आमच्या इमारतीत तळघर नाही आणि माझ्या डोक्यावर अर्धे भादरण्याइतके भांडवलही नाही. ज्यांच्याकडे दोन्ही आहे त्यांनी करून पाहावे.

पायरी पाचवी : मोठे काम अंगावर घेणे. खरी गुरुकिल्ली ही. (खणातल्या चारांपैकी नव्हे.) स्टॅनफर्ड विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक जॉन पेरी यांचे म्हणणे असे की चालढकल करणारा माणूस रिकामा कधीच नसतो, एक काम टाळण्यासाठी तो इतर सगळी कामे उरकतो. म्हणून यादीत सगळ्यात वर एखादे भारदस्त, नकोसे काम लिहून ठेवावे. ते टाळता टाळता खालची कामे आपोआप होतात. नव्वदच्या दशकातल्या त्यांच्या या निबंधाला साहित्याचे इग नोबेल २०११ साली मिळाले. पुरस्कारही विषयाला शोभेल इतका उशिरा आला.

यावर माझा इलाज प्राप्तिकराचे रिटर्न. एरवी त्याची मुदत ३१ जुलैला संपते, पण साक्षात सरकारनेच २०२५ साली ती १५ सप्टेंबरपर्यंत ढकलली आणि १५ सप्टेंबरच्या रात्री आणखी एक दिवस वाढवून दिला. तो एक दिवस देणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल मला फार आपुलकी वाटते. त्याच्याही घरी कुकर असणार.

यंदा मी बँकेची व्याजाची सर्टिफिकिटे टेबलावर मांडली, रिटर्नची साइट उघडली, पासवर्ड चुकला, आणि तडक हा लेख लिहायला घेतला. एका बैठकीत इथवर आलो. टेबल स्वच्छ होते, पेन चालत होते.

आत्ताच तांदळाचा डबा घुमला. उचलला, तर संपादक.

‘‘लेख मिळाला. पण तिसरी पायरी कुठाय?’’

‘‘झालीच आहे,’’ मी म्हणालो, ‘‘शेवटचा हात फिरवतोय.’’