जुन्या कपाटाची प्राणप्रतिष्ठा

दारातून आत आल्याबरोबर चपला, छत्र्या, हेल्मेटं आणि विजेची बिलं एकाच कोपऱ्यात नांदताना दिसू लागली, की मध्यमवर्गीय गृहस्थाला जुनं कपाट आणण्याची प्रेरणा होते. नवं परवडत नाही म्हणून नव्हे. ‘आता असं लाकूड मिळत नाही’ हे वाक्य नव्या कपाटासमोर उभं राहून म्हणता येत नाही, खरी अडचण ती आहे. हा विधी अशा गृहस्थांसाठी.

प्रथम क्षेत्र. पुणेकराने बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार गाठावा, मुंबईकराने ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकानं. चोर बाजारातली मटण स्ट्रीटही चालेल, पण तिथून गृहस्थ कपाटाऐवजी ग्रामोफोन घेऊन परततो असा अनुभव आहे. दुकानदार दिसेल त्या लाकडाला ‘बर्मा टीक’ म्हणेल. त्यावर वाद घालू नये. मुकाट्याने कपाट फिरवून त्याची पाठ पाहावी, कारण पॉलिश नेहमी पुढून मारलेलं असतं. पायाशी टाचणी टोचावी. सुळकन आत गेली तर वाळवीने आधीच गृहप्रवेश केलेला आहे. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा ताजा भुसा दिसला, तर किडा अजून मुक्कामाला आहे. भोकं जुनी आणि भुसा नाही, असं असेल तर किडा बहुधा गेला. भोकं भाव पाडायला वापरावीत.

पॅसेजचं माप घेण्याआधी लिफ्टचं घ्यावं.

आता मुख्य संकट. वाड्यांच्या भिंती दोन-दोन फूट जाड, त्यामुळे फडताळ भिंतीच्या पोटात मावायचं, वर कोनाडाही निघायचा. फ्लॅटची भिंत चार किंवा सहा इंच. तिच्या पोटात विजेची वायर बसते तेच उपकार. कपड्यांचं जुनं कपाट वीस-बावीस इंच खोल असतं आणि पॅसेज जेमतेम साडेतीन-चार फूट रुंद. ते तसंच उभं केलं तर सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाला आडवं चालावं लागेल. मोठ्या माणसाचा बूट साधारण बारा इंच, म्हणजे आतून चौदा इंच खोली पुरे. जादा लाकूड कापायचं ते पाठीकडून. पाठीची फळी काढून दोन्ही बाजू आणि आतले कप्पे मागून कमी करावेत आणि पाठीला पातळ प्लाय मारावा. दर्शनी चौकट, पितळी कड्या, बिजागऱ्या सगळं जागच्या जागी राहतं आणि ते वाक्यही म्हणता येतं.

कपाट सोडवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेविकॉल बाजारात आलं 1959 साली. त्याआधीची कपाटं बहुधा सरस आणि कुसू यांच्या जोरावर उभी असत. सरसाचा सांधा गरम पाण्याच्या फडक्याने शेकला की सुटतो. फेविकॉलचा सुटत नाही, लाकूडच फाटतं. मिस्त्री हे सगळं जाणून असतो, पण आधी खिळे मोजतो, करवतीच्या पात्याची काळजी व्यक्त करतो आणि मग म्हणतो, “साहेब, इतने में तो नया बन जाता.” त्याचं बरोबर असतं. गृहस्थाने ऐकू न आल्यासारखं करावं. बायकोने ऐकलेलं असतं.

भिंतीला ओळंबा लावून पाहावा. नव्या इमारतीतली भिंत ओळंब्यात असेल ही आशा व्यर्थ आहे. कपाट आणि भिंत यांच्यामधली वाकडी फट कपाट ठोकून बुजत नाही. त्या फटीच्या आकाराची पट्टी रंध्याने घासून बसवली, की उभं केलेलं कपाट बांधून काढल्यासारखं दिसू लागतं. सगळी जादू त्या पट्टीत आहे. भिंत सिपोरेक्सची असेल तर साधा प्लग पकड धरत नाही, तिच्यासाठी वेगळे फास्टनर मिळतात. वरून भिंतीला जखडलं नाही, तर घरातलं एखादं मूल ड्रॉवर उघडून त्यावर चढेल आणि कपाट त्याच्या अंगावर येईल. इथे विनोद थांबवलेला बरा. आणि एमसीबीचा डबा कपाटामागे गाडू नये. फ्यूज रात्रीच उडतो.

कपाट दाराबाहेर जिन्यापाशी ठेवण्याचा मोह आवरावा. दाराबाहेरचा पॅसेज आणि जिना मोकळा ठेवणं ही सुटकेच्या वाटेची बाब आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा 2008 साली लागू झाला; सोसायटीचे सेक्रेटरी मात्र त्याच्याही आधीपासून नोटिसा लावत आले आहेत.

पावसाळ्यासाठी: पाठ भिंतीपासून अर्धा इंच दूर, दारांना जाळी किंवा भोकं, ओल्या छत्रीखाली स्टीलचा ट्रे. हे केलं नाही तर श्रावणापर्यंत चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी येते.

शेवटी खालचा आठ इंचांचा कप्पा दार न लावता उघडा सोडावा. रोजच्या चपलेसाठी कोणीही माणूस वाकून दार उघडत नाही, ते सागवानाचं असलं तरी. उघडा कप्पा नसेल तर चपला कपाटासमोरच रांग लावतात आणि गृहस्थ पाहुण्यांना त्या रांगेपलीकडून पितळी कड्या दाखवत राहतो.