बीडलॉकवाले

बीडलॉकवाला हा पुणे, ठाणे, नाशिक आणि कोल्हापूर या पट्ट्यात आढळणारा, थार, जिम्नी किंवा म्हाताऱ्या जिप्सीच्या मालकांतला एक पोटप्रकार आहे. वय चाळिशीच्या अल्याडपल्याड, पँट सहा खिशांची, नोकरी वातानुकूलित. प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच, त्यामुळे जास्त वर्णन करण्याची गरज नाही. गाडी दारात आल्यापासून तो तिच्यासाठी बीडलॉक रिम निवडत असतो. निवड पूर्ण झाल्याची उदाहरणे विरळा.

विषयाची तांत्रिक बाजू तशी साधी आहे. टायरची आतली जाड कडा म्हणजे बीड. ती रिमच्या काठाला चिकटून राहते ती केवळ आतल्या हवेच्या जोरावर. डांबरी रस्त्यावर टायरमध्ये तिसेक पीएसआय हवा असते, तोवर चिंता नसते. खडकावर चढताना मात्र हवा उतरवतात. टायर पसरतो, दगडाच्या खाचाखोचा धरतो, पकड वाढते. पण दाब दहाच्या खाली गेला आणि चाकाला आडवा रेटा बसला, की बीड निसटू शकते आणि टायर जागीच बसतो. बीडलॉकमध्ये बाहेरच्या बाजूची बीड रिम आणि एका कड्याच्या मध्ये पकडून चोवीस ते बत्तीस बोल्टांनी आवळतात. मग पाचसहा पीएसआयवरही टायर जागा सोडत नाही. अमेरिकेत मोआबच्या वालुकाश्मावर आणि रुबिकॉन ट्रेलच्या धोंड्यांवर गाड्या चढवणाऱ्यांना याची खरी गरज. गोव्यात 2014 मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये उतरणाऱ्यांनाही ती पडते. बीडलॉकवाला ही स्पर्धा छत्री घेऊन बघतो.

निवडीची सुरुवात मापापासून होते. थारच्या वरच्या मॉडेलला 255/65 आर18 टायर येतो. रिम मोठी, टायरची भिंत बुटकी. हवा उतरवून वापरायला उंच भिंत बरी, म्हणून सोळा की सतरा इंच हा प्रश्न निघतो आणि त्यात एक पावसाळा जातो. दुसरा ऑफसेटमध्ये, म्हणजे चाक किती बाहेर काढायचे यात. चाक जितके बाहेर, तितकी गाडी रुबाबदार दिसते. बेअरिंगवरचा भारही तितकाच वाढतो आणि वळताना टायर मडगार्डला घासू लागतो. पुढे वजन, मग बॅलन्सिंग, मग कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. ही माहिती बीडलॉकवाल्याला तोंडपाठ असते. दुसऱ्याच्या गाडीकडे बघताना तो ती सांगतो.

बाजारात दिखाऊ बीडलॉकही मिळतात. कडे शोभेचे, बोल्ट शोभेचे, टायर नेहमीसारखा हवेच्या भरवशावर. ज्यांची गाडी महिन्यातून एकदा लोणावळ्याला भजी खायला जाते, त्यांच्यासाठी हा पर्याय सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल. पण त्याचे नाव काढले तरी बीडलॉकवाल्याचा चेहरा पडतो. “अहो, पण आपण जातो कुठे?” हा घरातून वारंवार येणारा प्रश्न. त्यावर तो ऑफसेट समजावून सांगतो.

या प्रकाराचे मुख्य लक्षण मात्र वेगळेच आहे. बीडलॉकचे बोल्ट ओळीने आवळायचे नसतात. एक इथला, की पुढचा बरोबर समोरचा, अशा क्रॉसमध्ये, टॉर्क रेंच लावून आणि तीन-चार फेऱ्यांत थोडे थोडे करत. ताकद लागते साधारण वीस ते तीस न्यूटन-मीटर, म्हणजे चाकाच्या नटांपेक्षा कितीतरी कमी. थोडी गाडी चालवली की सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. नियम अगदी योग्य आहे. अडचण एवढीच, की हाताशी अजून बीडलॉक नाहीत. त्यामुळे नियम घरात पसरतो. पंख्याची पाती, जेवणाच्या टेबलाचे पाय, गणपतीच्या मखराचे स्क्रू, सगळे क्रॉसमध्ये. इथवर ठीक. पुढे मुंजीच्या पंगतीत जिलबीचे ताट त्याच्या हाती येते. पहिली जिलबी या टोकाच्या पानावर, दुसरी समोरच्या रांगेच्या त्या टोकाला. मधली मंडळी दोन्ही बाजूंनी उपाशी. “सगळीकडे सारखा दाब हवा,” असे तो म्हणतो. शिवाय दहा मिनिटांनी तोच फेरतपासणीला येतो, तेव्हा लोक पानावर हात आडवा धरतात.

पंक्चरवाल्याशी त्याचे संबंध तात्त्विक पातळीवरचे असतात. मोबाइलवरचा बीडलॉकचा फोटो पंक्चरवाला अंगठ्याने मोठा करून बघतो, बोल्ट मोजतो आणि म्हणतो, “साहेब, हे खोलायचं तर पैसे पंक्चरचे नाही, बोल्टावर लागतील.” या विषयावरचे इतके नेमके मत दुसऱ्या कुणी दिलेले नाही.

प्रत्यक्ष मैदानात त्याचा अर्धा वेळ हवा उतरवण्यात जातो. सह्याद्रीतल्या एखाद्या कच्च्या चढाखाली तो गेज घेऊन उकिडवा बसलेला असतो, अठरा की सोळा या विचारात. तेवढ्यात मागून वडापची जीप येते. टायर गुळगुळीत, आत चौदा माणसे, टपावर दुधाच्या किटल्या आणि एक बकरी. “दादा, जरा बाजूला घ्या की,” म्हणत ती त्याच चढावरून वाडीत निघून जाते. बीडलॉकवाला त्या जीपचा दाब विचारायला धावतो. चालकाला तो ठाऊक नसतो.

तरीही हा माणूस निरुपयोगी आहे, असे म्हणता येत नाही, आणि हे जरा नाइलाजानेच नोंदवावे लागते. जुलैच्या रात्री ताम्हिणीत कुणाची छोटी गाडी साइडपट्टी सोडून चिखलात रुतली आणि आत पोरेबाळे असली, तर बाकीचे लोक काच अर्धी खाली करून सल्ला देतात आणि पुढे जातात. थांबतो तो हाच. दोर त्याच्याकडे, शॅकल त्याच्याकडे, कॉम्प्रेसर त्याच्याकडे, कपाळाला बॅटरी. गुडघाभर राड्यात तो आडवा होतो, हुक अडकवतो, पोरांना आपल्या गाडीत बसवून बिस्किटे देतो आणि झटका न देता गाडी अलगद रस्त्यावर घेतो. ही विद्या त्याने खरोखर कमावलेली असते. बोलताना ती ऑफसेटखाली दबून जाते, इतकेच. पैसे विचारले तर रागावतो. मात्र चाक फिरताना आवाज येतो म्हणून नट एकदा बघू द्या, असा हट्ट धरतो आणि पावसात, बॅटरीच्या उजेडात, चारही चाकांचे नट आवळून देतो. जाताना नंबर मागून घेतो.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना नाश्त्याच्या वेळी फोन येतो. “पन्नास किलोमीटर झाले ना? नट परत बघा. क्रॉसमध्ये हं!”