थंड डोक्याचा कॉम्प्युटर

ग्राफिक्स कार्ड निवडणं आणि सोयरीक जमवणं यांत फरक एवढाच, की सोयरिकीत समोरचे लोक निदान एकदा घर बघायला येतात. कार्डवाले येत नाहीत. ते कुठल्याशा मोठ्या शहरात एसीत बसून यूट्यूबवर सांगतात, ‘एवढ्या बजेटमध्ये हेच घ्या, डोळे झाकून घ्या.’ आपलं घर परभणीत आहे, वसमत रोडला आहे, कॉम्प्युटर पश्चिमेच्या खोलीत आहे आणि खोलीवर पत्रे आहेत, हे त्यांच्या गावीही नसतं.

आमचं यंत्र २०१३ सालचं. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. घरात आलं ते धाकट्या भावाच्या एमएस-सीआयटीच्या नावावर. त्याने त्यावर मन लावून क्रिकेट ०७ खेळून घेतलं. हा गेम २००६ सालचा, तरी आजही त्यावर नव्या आयपीएलचे संघ आणि जर्सी चढवून खेळणारी मंडळी आहेत. माझं म्हणणं होतं की घराण्याची ही परंपरा पुढे चालवावी. नववीतल्या चिरंजीवांना मात्र जीटीए फाइव्ह हवा होता. त्याची किमान अट चार जीबी रॅम आणि एक जीबीचं ग्राफिक्स कार्ड. ‘किमान’ म्हणजे गेम सुरू होतो. पुढे त्यातली गाडी धावते की ढकलावी लागते, याची हमी कंपनी देत नाही.

हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावला. ‘मामा, जुनं सगळं काढून टाका. रायझन ५६००जी घ्या. ग्राफिक्स त्याच्या पोटातच असतं, वेगळं कार्ड नको. फक्त रॅम दोन पट्ट्यांत घ्या, एकीत नको.’ सल्ला सोळा आणे खरा. असल्या प्रोसेसरला ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते, तो रॅमवरच भागवतो. दोन पट्ट्या असल्या की रस्ता दुपदरी होतो. पण मुहूर्त चुकला होता. २०२५च्या दिवाळीच्या सुमारास रॅमच्या भावाने अशी उडी घेतली की सराफाने तोंडात बोट घालावं. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवण्यात कारखाने गुंतले. मायक्रॉनने तर डिसेंबरात ‘क्रुशियल’ हा तुमच्या-आमच्यासाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीरच केलं. त्याच हंगामात इकडे मोंढ्यात सोयाबीन ५,३२८ रुपयांच्या हमीभावाखाली चाललं होतं. गावाकडच्या चुलतभावाने विचारलं, ‘दादा, सोयाबीन ठेवू का इकू?’ म्हटलं, वीक बाबा, आणि पुढच्या खरिपात रॅम पेर.

म्हणजे जुन्या यंत्रालाच ठिगळं लावणं आलं. त्याची डीडीआर-थ्री रॅम कोणत्याच एआयला नको होती, त्यामुळे वापरलेली चार जीबीची पट्टी सहज मिळाली. म्हातारपणाचे असेही फायदे असतात.

मग कार्ड. स्टेशन रोडच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने जीटी १०३०चा डबा पुढे केला. ‘सर, दोन जीबी हाय. घ्या बिनधास्त.’

चिरंजीवांनी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, ‘डीडीआर-फोर का जीडीडीआर-फाइव्ह?’

‘चार काय न पाच काय, एकाचाच तर फरक हाय.’

हा एकाचा फरक भलताच महाग आहे. २०१७ साली हे कार्ड जीडीडीआर-फाइव्ह मेमरी घेऊन आलं. पुढच्याच वर्षी कंपनीने त्याच नावाखाली डीडीआर-फोरची आवृत्ती काढली, आणि मेमरीचा वेग जवळपास एक तृतीयांशावर आला. नाव तेच, रुबाब तोच, आणि खेळताना मात्र दम लागतो. आम्ही डबा परत केला. मग दुकानदाराने आतून आरएक्स ५८० आणलं. दणकट कार्ड, भाव अगदीच पडेल. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली असली कार्डं जुन्या बाजारात उतरली, हे मला ठाऊक होतं. ‘मायनिंगचं नाही ना?’ म्हणून विचारलं. ‘छे हो! एका डॉक्टरच्या पोराचं हाय. लै चाललेलंच नाही.’ आमच्या भागात सेकंडहँड विकली जाणारी प्रत्येक वस्तू, मग ती बुलेट असो, फ्रीज असो की ग्राफिक्स कार्ड, डॉक्टरच्या पोराचीच असते. ही पोरं नेमकं काय वापरतात, देव जाणे.

शिवाय त्या कार्डाची भूक १८५ वॅटची. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आमचा एसएमपीएस बाहेरून ४५० वॅटचा आणि उचलला तर रिकाम्या डब्याइतका हलका. शेवटी २०१४ सालचं जीटीएक्स ७५० टीआय घेतलं. साठ वॅटमध्ये भागतं, वेगळी वायर मागत नाही, खाऊन-पिऊन सुखी.

एसएमपीएस मात्र नवा घेतला, ‘८० प्लस’च्या शिक्क्याचा. हा शिक्का म्हणजे घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के कामी लावल्याचं प्रमाणपत्र. त्याची परीक्षा २३ अंश सेल्सिअसला घेतात, असं वाचलं आणि मी बराच वेळ हसलो. तेवीस अंश! मे महिन्यात आमच्याकडे पहाटे चारलाही तेवीस नसतं. आमचे विद्यार्थी कोणत्या उकाड्यात पेपर लिहितात ते तरी बघा म्हणावं.

पण तेव्हा डिसेंबर होता. परभणीच्या थंडीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि अशा हवेत फुसका कॉम्प्युटरही पैलवान होतो. आम्ही कॅबिनेट उघडलं. हीटसिंकवर धुळीचं पांघरूण, कोपऱ्यात पालीची दोन अंडी, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून तिची पूड झालेली. रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं, ताजी पेस्ट लावली, हार्ड डिस्कशेजारी २५६ जीबीची एसएसडी बसवली. पूर्वी बटण दाबून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा; आता गॅस पेटवेपर्यंत विंडोज हजर. खरा पैसा वसूल झाला तो इथेच, कार्डात नव्हे. जीटीए सुरळीत धावला. कॅबिनेटच्या मागून येणाऱ्या गरम वाऱ्यात आई जपाची माळ घेऊन बसू लागली.

एप्रिल उजाडला आणि चित्र पालटलं. पंखा खोलीतलीच हवा चिपवरून फिरवतो. खोलीपेक्षा थंड करणं त्याच्या हातात नाही. तेवीसच्या खोलीत सत्तर अंशांवर राहणारं कार्ड बेचाळीसच्या खोलीत नव्वदीकडे निघतं आणि जीव वाचवायला वेग कमी करतं. गेममधला चोर दुपारी एक ते पाच पायीच फिरू लागला.

त्यात इन्व्हर्टर. त्याच्या मागे ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असं बोटाएवढं बटण असतं. नॉर्मलवर ठेवलं तर लाइट गेल्यावर बॅटरी लागायला जो निमिषभर उशीर होतो तो पंख्याला कळत नाही, पण कॉम्प्युटर बसतो. यूपीएसवर ठेवलं तर उशीर टळतो. पण मग ते यंत्र नवाबी होतं, १८० व्होल्टच्या खालची वीज त्याला चालत नाही. संध्याकाळी गल्लीतले कूलर लागले की व्होल्टेज खाली, इन्व्हर्टर बॅटरीवर. म्हणजे लाइट असताना बॅटरी उतरायची आणि लाइट गेल्यावर अंधारात बसायचं. सौभाग्यवतींनी एका रात्रीत ते बटण नॉर्मलवर नेलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली.

राहिला प्रश्न कूलरचं तोंड कोणाकडे. चिरंजीव म्हणाले, कार्डाकडे. मी म्हटलं, ओली हवा त्या सर्किटांवर नको. माझ्याकडे असावं असं मला वाटत होतं, ते मी बोललो नाही. तेव्हा चिरंजीवांनी नवा प्रस्ताव मांडला. ‘बाबा, लिक्विड कूलिंग बसवू. प्रोसेसरवरून पाणी फिरत राहतं. एकदम थंड!’

आईने माळ थांबवली.

‘नळाला आठ-आठ दिस पाणी नाही, अन् त्या डब्यात पाणी फिरवायलेत का तुम्ही? फिरवा. पण त्याला कितव्या दिवशी सोडायचं, ते आधी ठरवा. अन् मोटार लावू नका म्हणावं, शेजारी भांडतेत.’