देव खुलासा पाठवत नाही

यात्रा संपली, पाळणे उतरवून ट्रकवर चढले, की दुसऱ्या दिवशी सकाळी करमाळ्यात पेपर वाचला जातो तो खालून वर. भाविकांचा महापूर, भंडाऱ्याची उधळण, भक्तिमय वातावरण हा वरचा मजकूर सगळ्यांना पाठच असतो. खरी उत्सुकता शेवटच्या परिच्छेदाची. ‘यात्रा यशस्वी करण्यासाठी सर्वश्री अमुक, तमुक यांनी परिश्रम घेतले.’ आपलं नाव आहे का, कितवं आहे, आणि ज्याच्याशी गेल्या निवडणुकीपासून बोलणं बंद आहे त्याच्या आधी आहे की नंतर, एवढं पाहून झालं की पेपर पुढच्या बाकड्यावर जातो.

तेव्हा धार्मिक सोहळ्यांच्या बातम्यांवर विश्वास ठेवावा का, असं कोणी विचारलं तर आमचं उत्तर तयार आहे. नावांपुरता डोळे झाकून ठेवावा. त्या परिच्छेदाइतकं तपासून छापलेलं दुसरं काही नसतं. त्यात आडनावाची एक वेलांटी चुकली तरी दुपारपर्यंत वार्ताहराच्या दारात चार मोटारसायकली उभ्या राहतात. भाविक दहा हजार होते आणि छापले दोन लाख, म्हणून मात्र आजवर कोणाच्या दारात सायकलसुद्धा लागलेली नाही. नाव राहिलेला माणूस खुलासा मागतो. देव मागत नाही. पत्रकारितेतली सगळी अचूकता या एका फरकावर उभी आहे.

यात वार्ताहराला दोष देण्यात अर्थ नाही. तालुक्याचा वार्ताहर हा बहुधा बिनपगारी असतो. त्याचं घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. यात्रेची पुरवणी निघते, तिच्यात पानपानभर शुभेच्छा असतात आणि शुभेच्छुक असतात. ज्यांनी फोटोसह पान घेतलं, त्यांच्याच यात्रेला यंदा गर्दी बेताची होती असं लिहायला तो काय वेडा आहे? शिवाय छबिना निघतो रात्री आणि पान सुटतं त्याच्या आधी. म्हणून उद्याची बातमी आजच लिहून ठेवलेली असते. पावसापुरती एक ओळ मोकळी असते. पडला तर ‘वरुणराजानेही हजेरी लावली’, नाही पडला तर ‘उन्हाची तमा न बाळगता’. दोन्हीकडून श्रद्धाच जिंकते.

आमची देवी कमलाभवानी. तिचं देऊळ रावरंभा निंबाळकरांनी 1727 च्या सुमारास गावाबाहेरच्या माळावर बांधलं, आणि त्याबद्दल छापून येणारा प्रत्येक आकडा 96 असतो. 96 खांब, 96 ओवऱ्या, 96 पायऱ्यांची विहीर. खांब, ओवऱ्या, पायऱ्या या गोष्टी दगडाच्या आहेत. त्या जागच्या हलत नाहीत, दर्शन घेऊन निघून जात नाहीत, एकच खांब दोनदा रांगेत उभा राहत नाही. कोणालाही सवडीने मोजता येतील. पण पुरवण्या चाळल्या तर 96 हा आकडा एका पुरवणीतून दुसरीत उतरलेला दिसतो. मोजून लिहिल्याची खूण एकीतही नाही. जिथे स्थिर दगडांचा आकडा ऐकीव चालतो, तिथे हलत्या माणसांचा मोजून आलेला असेल, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

माणसं मोजता येत नाहीत असं मात्र नाही. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते. 1967 च्या आसपास, विद्यार्थ्यांच्या आंदोलनांच्या काळात, त्यांच्या खिडकीखालच्या चौकात रोज सभा भरायच्या. चौकाच्या फरशीवर चौकटी आखलेल्या होत्या. त्यांनी काही चौकटींतली डोकी मोजली आणि हिशेब मांडला. माणसं सैल उभी असतील तर एकाला दहा चौरस फूट लागतात, दाटीत साडेचार. पत्रकारितेच्या प्राध्यापकाने खिडकीतून बाहेर पाहिलं, हेच मुळात नवल.

आता हा हिशेब आपल्या मापात घेऊ. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. म्हणजे खांद्याला खांदा लावून एका गुंठ्यात 242 माणसं मावतात, त्यात कोणी बसायचं नाही, पिशवी खाली ठेवायची नाही, लेकरू कडेवरच. एक लाख माणसांना 413 गुंठे, सव्वादहा एकरांहून थोडं जास्त. 2011 च्या जनगणनेत आमचा अख्खा तालुका अडीच लाखांच्या घरात होता. त्यामुळे एखाद्या सोहळ्याला तालुक्यातून पाच लाख लोटले असं वाचलं की प्रश्न पडतो: दुसरे अडीच लाख कोण होते, आणि पहिल्या अडीच लाखांच्या म्हशींच्या धारा त्या संध्याकाळी कोणी काढल्या?

आषाढीत संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून आमच्या तालुक्यातून पंढरपूरला जाते. तिच्यातला वारकरी दिंडीवार मोजलेला असतो, कारण विणेकऱ्याला भाकरीचा हिशेब लागतो. पंढरपुरात पोचल्यावर तोच माणूस ‘लाखो वैष्णवां’त विरघळतो. तिथे वारकऱ्यांच्या मुक्कामाला 65 एकरांची जागा आहे. ती कडेपासून कडेपर्यंत दाटीने उभी भरली, एकही तंबू न ठोकता, तर साधारण 6 लाख 29 हजार माणसं मावतील. बाकीची मठांत, वाळवंटात, दर्शनरांगेत असतातच, हे मान्य. वारी मोठी आहे हे सांगायला आकड्याची गरज नाही, हेही मान्य. पण दहा, बारा, पंधरा, वीस हे लाख दरवर्षी कोणत्या शिडीने चढतात, ते विठोबालाच ठाऊक. आणि तो बोलत नाही.

मराठी वृत्तपत्रांनी एक धार्मिक बातमी मात्र अशी छापली की तिच्यावरून दोन वर्षं पुणं ढवळून निघालं. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोश्यांनी शहरातल्या थोरामोठ्यांना बोलावलं. व्याख्यान झालं, मग ख्रिस्त्यांच्या हातची, म्हणजे धर्म बाटवणारी, चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळरावांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. यादीत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. कोणी म्हणालं घोट घेतला, कोणी म्हणालं कपाला नुसता हात लावला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला आयोग बसला, रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतलं. गंमत पाहा. ‘मिशनमध्ये शेकडो मान्यवरांची चहासाठी उसळली गर्दी’ अशी बातमी दिली असती तर कोणाला प्रायश्चित्ताचा खर्च पडला नसता. गोपाळरावांनी नावं दिली. म्हणून तर घोट आणि स्पर्श यांतला फरक तपासायची वेळ आली.

चमत्कारांच्या बाबतीत सोय आणखी मोठी. 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध प्याला. पृष्ठताणाने दूध सोंडेवर ओढलं जातं आणि मूर्तीवरून खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं. ऑगस्ट 2006 मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं आणि लोकांनी ते बाटल्यांत भरून नेलं. अशा दिवशी ‘भाविकांची श्रद्धा आहे की’ हे शब्द कामाला येतात. त्यांच्यामागे काहीही लिहावं. वाक्य खोटं ठरत नाही, वार्ताहराचं नातं कोणाशी बिघडत नाही, आणि दुधाचा भाव दुसऱ्याच पानावर असतो.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, कारण गर्दीचा आकडा फुगला म्हणून कोणाचं काही जात नाही, असं आपण धरून चालतो. 25 जानेवारी 2005 ला, शाकंभरी पौर्णिमेला, मांढरदेवीच्या डोंगरावर चेंगराचेंगरीत तीनशेच्या आसपास माणसं दगावली. पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या झाल्या होत्या, वाट अरुंद होती, वर दुकानांना आगी लागल्या. ‘लाखोंची गर्दी’ तिथेही दरवर्षी छापून येत होती. त्या वाटेवर एका वेळी माणसं किती मावतात, हा प्रश्न विचारायला चौकशी आयोग बसावा लागला.

यंत्रं आली तरी रीत तीच. 2025 च्या प्रयागराज कुंभात किती कोटींनी स्नान केलं, याचा आकडा रोज दिवसातून अनेकदा ताजा जाहीर होत होता. 29 जानेवारीला पहाटे संगमावर चेंगराचेंगरी झाली, तेव्हा मेलेल्यांचा आकडा सांगायला संध्याकाळ झाली. आकडा होता 30. पुढे जून महिन्यात बीबीसीच्या बातमीदारांनी घरोघरी जाऊन नातेवाइकांना गाठलं, तेव्हा तो किमान 82 निघाला. कोटी मोजायला कॅमेरे पुरले. 82 मोजायला पायी फिरावं लागलं. पुन्हा तेच. यादीत नावं होती.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. संपादकांनी ती मनावर घ्यावी, जाहिरातीला धक्का लागणार नाही. भाविक किती ते खुशाल लाखांत लिहावं, फक्त शेजारी जमीन किती ते एकरांत लिहावं. यंदाच्या कार्तिकी यात्रेला पाच लाख आले? उत्तम. ‘पाच लाख भाविकांनी बावन्न एकरांत उभे राहून दर्शन घेतले’ असं छापा. आमच्याकडे बावन्न एकर कोणाकोणाच्या सातबाऱ्यावर आहेत, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पेपर टपरीवर पोचायच्या आत माळाशेजारचा शेतकरी फोन करेल: माझ्या ज्वारीत कोण उभं होतं, आणि भरपाई कोण देणार? दुसऱ्या दिवशी खुलासा येईल, आणि त्यात आकडा चार हजारांवर आलेला असेल.